नभोवाणीचें बोलणें व शेतकऱ्याचा दिवस

घरांत येणारी प्रत्येक वस्तु शेतकरी तोलून-पारखून घेतो. बियाणें घेतांना तें मुठींत धरून पाहतो, बैल घेतांना त्याचे दांत मोजतो, पेंडीचें पोतें घेतांना कांट्यावर डोळा ठेवतो. परंतु नभोवाणीवरून, म्हणजे रेडिओवरून, दिवसभर घरांत येणारें बोलणें मात्र तो कधीं तोलीत नाहीं; कारण त्यासाठीं पैसा मोजावा लागत नाहीं, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खरी नव्हे. त्या बोलण्याची किंमत आपण वेळेच्या रूपानें देतोंच. आणि हवामानाची सूचना अर्धवट ऐकून फवारणी केली व तासाभरांत पावसानें ती धुऊन नेली, तर ती रोकडींतहि द्यावी लागते. म्हणून नभोवाणीच्या एका दिवसाच्या बोलण्यांत शेतकऱ्याच्या उपयोगाचें काय असतें, तें कसें ऐकावें आणि ऐकून झाल्यावर काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. संगीत हा नभोवाणीचा मोठा भाग असला तरी तो आज आमच्या विषयाबाहेरचा आहे.

पूर्वपीठिका

आपल्या इलाख्यांत नभोवाणीचा पाया मुंबईस घातला गेला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. ती कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली व १९३० सालीं सरकारनें तें काम आपल्या हातीं घेतलें. १९३६ सालीं या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. देश स्वतंत्र झाला तेव्हां या खात्याचीं जीं सहा केंद्रें भारतांत राहिलीं, त्यांत मराठी मुलखांतलें एकटें मुंबईचें होतें. पुढें १९४८ सालीं नागपूर केंद्र सुरू झालें आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें केंद्र बोलूं लागलें. ताथवडे, पुनावळे, मारुंजी या आमच्या पट्ट्यास हें केंद्र सर्वांत जवळचें. माणदेशच्या मातीशीं ज्यांची लेखणी एकजीव झालेली होती, ते व्यंकटेश माडगूळकर या केंद्राच्या ग्रामीण विभागांत कित्येक वर्षें काम करीत होते, ही गोष्ट येथें मुद्दाम सांगावीशी वाटते. शेतकऱ्याशीं बोलावयाचें तर त्याच्या बोलीची जाण असलेला माणूस तेथें बसला पाहिजे, हें त्या काळच्या चालकांनीं ओळखलें होतें.

पुणें केंद्राचा आवाज पूर्वीपासून मध्यम लहरींवर, ७९२ किलोहर्ट्झ या जागीं, ऐकूं येत आला. या लहरीची लांबी सुमारें ३७९ मीटर होते. एवढी लांब लहर जमिनीस धरून चालते व डोंगरास वळसा घालूं शकते; म्हणून मुळशी व मावळच्या खोऱ्यांत बसलेल्या वाड्यांपर्यंत ती पोंचते. उलट एफ.एम.ची लहर अवघी तीन मीटरांच्या आसपास असते. तिचा आवाज स्वच्छ, परंतु ती बहुतांशीं नजरेच्या सरळ रेषेंत चालते व डोंगर आडवा आला कीं अडते. रात्रीं मध्यम लहरी वातावरणाच्या अतिउंच थरावरून परावर्तन पावून दूरवर जातात. त्यामुळें अंधार पडल्यावर परप्रांतांतलीं केंद्रेंहि मध्येंच ऐकूं येऊं लागतात. संचांत बिघाड झाला असें समजून तो कारागिराकडे नेण्यापूर्वीं वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

सकाळ : बातम्या

सकाळीं सात वाजून दहा मिनिटांनीं पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर या भागांतील दोन पिढ्यांनीं धारेची व शाळेची वेळ बसविली. बातम्या ऐकतांना शेतकऱ्यानें त्यांची तीन भागांत वांटणी करावी, असें आम्ही सुचवितों. पहिली, नुसती जाणून ठेवण्याची. दुसरी, पुढील हंगामाच्या हिशेबांत धरण्याची. आणि तिसरी, त्याच दिवशीं कांहीं करावयास लावणारी. उदाहरणार्थ, ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ही बातमी दिल्लीची असली तरी चाकणच्या बाजारांत कांदा घेऊन निघालेल्या शेतकऱ्यास ती तिसऱ्या प्रकारची होती, कारण परदेशीं जाणारा माल देशांतच राहणार व भाव उतरणार, हें उघड होतें. ज्याचा कांदा अजून वाफ्यांत होता, त्यास ती दुसऱ्या प्रकारची होती. पुढें मे १९२४ नव्हे, तर मे २०२४ मध्यें, म्हणजे पांच महिन्यांनीं, ही बंदी उठविण्यांत आली. परंतु निर्यातीवर किमान दराची अट व कर बसविला गेला. ज्यानें ‘बंदी उठली’ एवढेंच ऐकलें व पुढचें वाक्य ऐकलें नाहीं, त्याचा अंदाज चुकणें क्रमप्राप्त होतें. सरकारी बातमींत मुख्य शब्दापेक्षां त्यास जोडलेली अट अधिक महत्त्वाची असते.

हवामानाचें बोलणें

बातम्यांच्या पाठोपाठ हवामान येतें. शेतकऱ्यांकरितां हवामानाचीं वार्तापत्रें नभोवाणीवरून १९४५ सालापासून दिलीं जाऊं लागलीं. हवामानखात्याचा कृषिविभाग तर त्याहिपूर्वीं, १९३२ सालीं, पुण्यासच स्थापन झाला होता. इतकें जुनें हें काम असूनहि ‘हवामानखातें सांगतें एक व होतें दुसरेंच’ अशी कुरकूर घरोघर ऐकूं येते. तिचें एक कारण असें कीं, त्या वार्तापत्रांतील शब्द ठराविक मापाचे असतात व तें माप आपणांस ठाऊक नसतें.

‘तुरळक ठिकाणीं पाऊस’ याचा अर्थ असा कीं, त्या विभागांतील शेंकडा २५ पर्यंतच पर्जन्यमापकांत पाऊस पडेल. ‘कांहीं ठिकाणीं’ म्हणजे शेंकडा २६ ते ५०. त्याच्या वर शेंकडा ७५ पर्यंत एक पायरी व त्याहून अधिक असल्यास शेवटची पायरी, तिला ‘बहुतांश ठिकाणीं’ असें म्हणतात. म्हणजे ‘तुरळक ठिकाणीं’ असें सांगितलें असतां आपलें शिवार कोरडें राहिलें, तर वार्तापत्र खोटें ठरत नाहीं. चार जागांपैकीं तीन कोरड्या राहतील, असेंच त्यानें सांगितलेलें असतें.

पावसाच्या जोराचेंहि असेंच. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘मध्यम’, ६४.५ ते ११५.५ म्हणजे ‘मुसळधार’, त्यावर २०४.४ पर्यंत ‘अति मुसळधार’. आणि त्याहिपुढें ‘अत्यंत मुसळधार’. हे आंकडे शेताच्या भाषेंत आणावयाचे तर एक सोपा हिशेब लक्षांत ठेवावा : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारें शंभर लिटर पाणी. मग ‘मुसळधार’ म्हणजे एका दिवसांत गुंठ्यागणिक साडेसहा हजार लिटरांहून अधिक पाणी, हें उमगतें; आणि वाफ्यांचे चर आज मोकळे करावयाचे कीं उद्यां, या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें.

दुपार : घरगुती बोलणें

दुपारचें घरगुती बोलणें पुरुषमंडळी हलकें समजतात. हा त्यांचा मोठा तोटा आहे. मुंबई केंद्राचें ‘वनिता मंडळ’ व त्याच केंद्रावरून होणारी ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकामाला जुन्या श्रोत्यांच्या स्मरणांत अजून आहे. पंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी हीं तीन माणसें घरांतल्या साध्या गोष्टींवर बोलत, आणि त्या बोलण्यांतून महागाई, आरोग्य, नागरिकांचीं कर्तव्यें असे गंभीर विषय कळत-नकळत ऐकणाऱ्याच्या गळीं उतरत. उपदेश व्याख्यात्याच्या तोंडून आला तर कान मिटतात. तोच ओळखीच्या माणसाच्या तोंडून आला तर पटतो. इंग्लंडांतहि हेंच दिसून आलें. तेथील ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची श्रुतिकामाला १९५१ च्या १ जानेवारीपासून देशभर सुरू झाली, तिच्या मुळाशीं लढाईनंतरच्या टंचाईंत शेतकऱ्यांपर्यंत सुधारलेल्या शेतीची माहिती पोंचविण्याचा हेतु होता.

आपल्याकडे दुधाचें, बियाणें राखण्याचें, कोंबड्यांचें व परसबागेचें काम बहुतेक घरांत बायकांच्या हातीं असतें. म्हणून त्या विषयांवरील बोलणें त्यांनीं ऐकलें व पुरुषांनीं तें हंसण्यावारी नेलें, तर ज्याच्या हातीं काम त्याच्या हातीं अधिकार नाहीं, अशी स्थिति होते व तें ज्ञान वायां जातें.

सायंकाळ : शेती व बाजारभाव

महाराष्ट्रांतील केंद्रांवरून ‘माझं घर माझं शिवार’ यासारख्या नांवांनीं शेतकऱ्यांसाठीं कार्यक्रम होत आले आहेत. त्यांत तज्ज्ञांची मुलाखत, हंगामाची सूचना व बाजारभाव असे भाग असतात. बाजारभाव ऐकतांना तीन दर सांगितले जातात : किमान, कमाल व सर्वसाधारण. ऐकणाऱ्याच्या कानांत बहुधा कमाल दरच राहतो व त्या आशेनें तो गाडी भरतो. वस्तुतः कमाल दर हा त्या दिवसाच्या निवडक उत्तम मालास मिळालेला असतो. ज्या दरानें अधिकांत अधिक माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर. हिशेब त्यावरच धरावा. समजा, कांद्याचे हे तीन दर क्विंटलास ८००, २,००० व १,४०० रुपये सांगितले. तर आपला माल न निवडतां भरलेला असल्यास १,४०० हूनहि कमीच धरून त्यांतून भाडें, हमाली व तोलाई वजा करावी. आवक किती झाली, हेंहि ऐकावें. आज आवक कमी व दर चढा असेल, तर उद्यां सर्वांच्याच गाड्या तिकडे वळतात.

ऐकणें पुरेसें आहे काय?

येथवर एकट्यानें कसें ऐकावें तें सांगितलें. परंतु नुसतें ऐकून शेतकऱ्याचें वर्तन बदलतें काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यांत होऊन गेला आहे, याची फारच थोड्यांस माहिती असेल.

कॅनडांत १९४१ सालापासून शेतकऱ्यांचीं मंडळें आठवड्यांतून एकदां शेजाऱ्याच्या घरीं जमत, शेतीवरील कार्यक्रम एकत्र ऐकत व त्यावर चर्चा करीत. वाचा, ऐका, चर्चा करा व कृति करा, असें त्यांचें ब्रीद होतें. हीच पद्धति आपल्या देशांत चालेल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं युनेस्कोच्या साह्यानें आकाशवाणीनें १९५६ सालीं त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवें निवडलीं. प्रत्येक गांवीं सुमारें वीस माणसांचें श्रोतृमंडळ स्थापिलें. पुणें केंद्रावरून आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा एक, असे एकंदर वीस कार्यक्रम मराठींत झाले. मंडळानें एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, मग त्यावर बोलावें, जें ठरेल तें टिपून केंद्राकडे पाठवावें, अशी योजना होती. मंडळांनीं विचारलेल्या शंकांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून दिलीं जात; म्हणजे बोलणें एकमार्गी न राहतां गांवाचा आवाज केंद्रापर्यंत परत जात असे.

या प्रयोगाची पाहणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें केली. तिचें काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानें पाहिलें. तुलनेसाठीं श्रोतृमंडळ नसलेलीं गांवेंहि घेतलीं होतीं. त्यांतील कांहींत रेडिओ होता, कांहींत नव्हता. निष्कर्ष असा निघाला कीं, श्रोतृमंडळें असलेल्या गांवांत लोकांच्या माहितींत लक्षणीय भर पडली; परंतु मंडळ नसलेल्या गांवांत, रेडिओ असूनहि, ती नाममात्रच पडली. लिहितां-वाचतां न येणाऱ्या सभासदांनींहि चर्चेंत भाग घेतला व शिकून घेतलें. आणखी एक गोष्ट दिसली, तिची अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती : हीं मंडळें गांवाच्या कामांचे निर्णय घेणाऱ्या संस्था बनूं लागलीं.

या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट आहे. संच तोच, आवाज तोच, शब्दहि तेच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासानें. एकट्यानें ऐकलेली गोष्ट शंकेपाशीं थांबते. चारचौघांत ऐकलेली गोष्ट शंकेच्या पुढें जाते, कारण एकाची शंका दुसऱ्याच्या अनुभवानें फिटते. आणि चौघांसमक्ष ‘मी करून पाहतों’ असें म्हटलेला मनुष्य तें करण्यास बांधला जातो.

हीच पद्धति १९५९ सालापासून देशभर नेण्यांत आली. दक्षिणेंत तंजावरकडे ए.डी.टी. २७ या भाताचा प्रसार नभोवाणीमुळें इतका झाला कीं, लोक त्यास ‘रेडिओ भात’ म्हणूं लागले. पुढें मात्र ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, संच चावडींतून घरोघर गेले. ऐकणारे वाढले, परंतु एकत्र बसून ऐकणें मागें पडलें. आज तर मोबाइलवरून जो तो आपापल्या कानांत ऐकतो. आणि त्याच मोबाइलवर कोणीहि, कांहींहि सांगितलेलें तेवढ्याच भरंवशानें पुढें पाठवितो.

ताथवड्याची स्थिति

आमच्या गांवीं या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. ताथवडे २००९ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेलें. रस्ते, नळ, महाविद्यालयें आलीं. ज्या जमिनींत ज्वारी व भाजीपाला होत असे, त्यांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. या लाभ-हानीचा ताळेबंद मांडण्याची ही जागा नव्हे. परंतु एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं : महानगरपालिकेंत गेलेल्या गांवाची ग्रामपंचायत जाते व तिच्याबरोबर ग्रामसभाहि जाते. शेती उरली, गोठे उरले, वळूमाता प्रक्षेत्रासारखें सरकारी गोपैदाशीचें स्थान गांवांत आहे. परंतु शेतकऱ्यांनीं शेतकरी म्हणून एकत्र बसून बोलण्याची हक्काची जागा उरली नाहीं. बातम्या पूर्वीपेक्षां शतपट येतात. त्यांवर बोलणें मात्र लग्नांत, दशक्रियेंत किंवा दुकानाच्या पायरीवर, येईल तसें होतें.

याचा परिणाम काय होतो, हें २०२२ सालच्या लंपी रोगानें महाराष्ट्रास दाखविलें. जनावरांच्या अंगावर गांठी आणणाऱ्या या रोगाची साथ पसरली, तेव्हां ‘दूध पिऊं नये, माणसांसहि रोग होतो’ अशा अफवा उठल्या. वस्तुतः हा रोग माणसांस होत नाहीं. तो माशा, डांस व गोचीड यांच्या द्वारें जनावराकडून जनावराकडे जातो. दूध नेहमींप्रमाणें उकळून घ्यावें. आणि शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांस टोंचणें हाच त्या वेळचा मुख्य उपाय होता. ही माहिती पांच मिनिटांच्या भाषणांत सांगून होते. परंतु आजारी जनावर कोणाच्या मोकळ्या जागेंत वेगळें बांधावें, गोठे एकमेकांस चिकटलेले असतां माशांचा बंदोबस्त सर्वांनीं एकाच दिवशीं कसा करावा, लस टोंचणाऱ्यास कोणी बोलवावें, हे प्रश्न नभोवाणी सोडवूं शकत नाहीं. ते शेजाऱ्यांनींच सोडवावयाचे असतात. एकानें गोठा धुतला व शेजारच्यानें शेण तसेंच ठेवलें, तर माशी कुंपण पाहत नाहीं.

काय करावें

आमची सूचना अगदीं साधी व बिनखर्चाची आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ ठरवावी. दहा ते वीस माणसें, त्यांत निदान पांच बायका, देवळाच्या सभामंडपांत किंवा कोणाच्या ओसरीवर जमावीं. एकच संच, अथवा मोबाइलवर आकाशवाणी लावून तो मोठ्यानें ऐकूं येईल अशी सोय असावी. अर्धा तास ऐकावें व अर्धा तास बोलावें. एकानें चर्चा चालवावी, एकानें टिपावें. वहींत तीन रकाने पाडावेत : काय ऐकलें, काय ठरलें व काय झालें. पहिला रकाना कोणासहि भरतां येतो; तिसरा भरण्यासाठींच मंडळ हवें. पुढील बैठकीच्या आरंभीं तिसरा रकाना मोठ्यानें वाचावा. रिकामा राहिला असल्यास तसें सांगावें. राजकीय पक्षांचा वाद बैठकींत आणूं नये. परंतु आरक्षण, मोबदला, सात-बारा, पाणीपट्टी या विषयांस राजकारण समजून टाळूंहि नये, कारण ते आमच्या पोटाचे विषय आहेत. जी शंका बैठकींत फिटली नाहीं, ती केंद्राच्या शेती विभागाकडे पत्रानें कळवावी.

हें शेवटचें काम सर्वांत महत्त्वाचें आहे. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा वृत्तविभाग बंद करून तेथील बातम्या छत्रपती संभाजीनगराहून देण्याचें ठरलें होतें. लोकांकडून विरोध झाल्यावर त्या निर्णयास स्थगिति मिळाली. यावरून एवढें शिकावें कीं, ज्या केंद्राशीं श्रोते बोलत नाहींत, त्या केंद्रास श्रोते आहेत हें सिद्ध करणें कठीण जातें. विहिरीचें पाणी उपसलें नाहीं तर झरे बुजतात. आपल्या बोलींत, आपल्या पिकांविषयीं, आपल्या पावसाविषयीं बोलणारा आवाज टिकावा असें वाटत असेल, तर त्यास प्रश्न विचारीत राहिलें पाहिजे.

भाद्रपदापासून रब्बीच्या तयारीस लागतांना घरोघर सवड थोडी असते, हें आम्ही जाणतों. म्हणून ज्येष्ठांत पेरणीपूर्वीं किंवा पौषांत रात्री मोठ्या असतां आरंभ करावा. पहिल्या चार बैठकी कंटाळवाण्या होतील. पांचवीस कोणी तरी आपल्या शेतांतली अडचण घेऊन येईल, आणि त्या दिवसापासून मंडळ स्वतःच्या पायांवर चालूं लागेल. ज्या गांवीं असें मंडळ सुरू होईल, तेथील चिटणिसांनीं तिसऱ्या रकान्यांतील मजकूर आमच्याकडे पाठवावा. तो या मासिकांत इतर गांवांच्या माहितीसाठीं आनंदानें छापूं.